पुढच्या माहितीचा रकाना

३ जून, सोमवार

नवा साहेब आला. कॅमरन डॉड, मेलबर्नहून. माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. बूट असे चकचकीत की बॅलराटच्या हिवाळ्यात आठवडाभर टिकले तरी खूप.

आल्या आल्या माझा तक्ता मागितला. एकवीस वर्षं मी या कंपनीच्या येण्यांचा हिशेब ठेवतेय. कर्ल्यू बेकरीची त्रेसष्ट दुकानं आहेत, त्यातलं एकही कंपनीचं स्वतःचं नाही. दुकान ज्याचं त्याचं, नाव आमचं. पीठ आणि पायचं, म्हणजे मांस भरून भाजलेल्या कचोरीचं, सारण आमच्याच गोदामातून घ्यायचं, आणि दर आठवड्याच्या विक्रीतले सहा टक्के आम्हाला द्यायचे, असा करार. सगळं उधारीवर. कोणाची उधारी किती दिवस थकलीय ते मला झोपेतून उठवून विचारा.

तीस दिवस थकली तर शंभरातले पाच बुडणार असं धरायचं, साठ दिवसांना पंधरा, नव्वदच्या पुढे पन्नास. बुडेपर्यंत थांबायचं नाही, आधीच अंदाजाने नुकसान दाखवायचं, असा नियमच आहे. कॅमरनने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘पुढची माहिती.’ तो सगळा कोरा होता.

“हा का भरत नाही?”

“मर्व्ह म्हणायचा, पुढचं देवाला ठाऊक.” मर्व्ह म्हणजे माझा जुना साहेब, मार्चमध्ये रिटायर झाला.

“ऑडिटवाल्यांना देव चालत नाही, नोलीन. ज्या दुकानाबद्दल तुम्हाला काही आधीच कळलंय, ते इथे आलं पाहिजे. एकवीस वर्षांत तुम्हाला जेवढं कळतं तेवढं कुठल्या यंत्राला कळणार?”

मुलगा हुशार आहे. मर्व्हने मला असं कधी म्हटलं नव्हतं.

आणखी एक. आता तक्ता माझ्या कपाटात पडून राहणार नाही. नव्या व्यवस्थेत तो आपोआप सगळ्या खात्यांना दिसेल, पुन्हा पुन्हा टाईप करायला नको. बरं झालं, माझी बोटं दुखतात.

४ जून, मंगळवार

गावच्या हॉलमध्ये बोल्स, जड चेंडू घरंगळवायचा खेळ. हिवाळ्यात मैदानात पाणी साचतं, म्हणून आत लांब गालिचे अंथरून खेळतो. आमच्या या लँगी फ्लॅट गावात संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काय आहे? प्रत्येकीने खायची एक ताटली आणायची. मी अंड्याचे सँडविच नेले. मार्लीनने व्हॅनिला स्लाइस आणल्या, आणि नेहमीप्रमाणे माझ्या सँडविचना कोणी हात लावला नाही.

मार्लीन टिपेट आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिचा नवरा लाईल गावातली कर्ल्यू बेकरी चालवतो, म्हणजे माझ्या तक्त्यातलं एकेचाळीस नंबरचं दुकान. आम्ही दोघी हॉलमध्ये पैशाबद्दल बोलत नाही. तसं ठरवलं नव्हतं, पण सतरा वर्षं पाळलंय. त्यांचे अडतीस हजार सहाशे चाळीस डॉलर येणं आहे, बरेचसे साठ दिवसांवरचे. गेल्या ईस्टरला भट्टी बिघडली तेव्हापासून मागे पडलेत. ईस्टरला शर्यती बघायला जाणाऱ्या गाड्या आमच्याच रस्त्याने जातात. त्या चार दिवसांत लाईल तीन महिन्यांचा गल्ला करतो. पुढचा ईस्टर नीट गेला की फिटेल सगळं. लाईल कोणाचे पैसे बुडवणारा माणूस नाही.

आज तो आला नव्हता. पोट बिघडलंय म्हणाली.

१८ जून, मंगळवार

कप पुसता पुसता मार्लीनने सांगितलं. पोट बिघडलेलं नाही. आतड्याचा कॅन्सर आहे. आठ जुलैला ऑपरेशन, मग औषधं. डॉक्टर म्हणतात लवकर सापडलंय, सुटेल यातून.

“मग भट्टीवर कोण?”

“मीच, आणखी कोण. पहाटे तीनला उठायचं, एवढंच ना. हात आहेत मला.” आणि मग हातातला कप न ठेवताच म्हणाली, “नोल, कोणाला बोलू नकोस. कंपनीला तर अजिबात नाही. त्यांना वाटेल आम्ही संपलो.”

“अगं, मी काय वेडी आहे?”

“तू कंपनीच आहेस, बाई.” असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता रडली. मी तिला जवळ घेतलं. खांद्याचं हाड हाताला लागलं.

घरी आल्यावर दाराशी थांबले. माझा नवरा रॉन गेला तेव्हा तीन महिने याच दारात रोज पाव ठेवून जायचा तो लाईल. आजवर त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

२७ जून, गुरुवार

हिशेबाचं वर्ष रविवारी, तीस जूनला, संपतंय. दिवसभर तक्ता. एक नंबरपासून चाळीसपर्यंत शेवटचा रकाना भरत आले. होर्शमवाल्याचा घटस्फोट चाललाय. पोर्टलंडच्या दुकानासमोर मोठं सुपरमार्केट येतंय. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. आपल्याला किती माहिती आहे ते आपल्यालाही लिहिल्याशिवाय कळत नाही.

एकेचाळीसला हात थांबला.

बराच विचार केला. मर्व्हच्या काळात एखाद्या दुकानाचं नुकसान एकदा धरलं की त्याच्या मागे कोणी लागत नसे. “ते आपण गिळलंय, आता त्याला श्वास घेऊ दे,” असं मर्व्ह म्हणायचा. किनीटनच्या बाईला त्याने असंच दोन वर्षं सांभाळलं, आणि तिने शेवटी पै न् पै फेडली. मग लाईलला श्वास घ्यायला आणखी काय पाहिजे? नाहीतर ऑगस्टमध्ये वसुलीची पत्रं जाणार, ती तो अंथरुणावर वाचणार.

म्हणून लिहिलं. ‘मालकास आतड्याचा कर्करोग, शस्त्रक्रिया जुलैमध्ये. दुकान चालणे अवघड. अपेक्षित नुकसान ८० टक्के.’ खाली सही, नो. पे., आणि तारीख. ऐंशी जरा जास्तच लावले, म्हणजे कॅमरन त्याच्या वाटेलाच जाणार नाही.

मार्लीनला दिलेला शब्द मोडला असं मला वाटत नाही. मी कोणाशी बोलले नाही. रकाना भरला फक्त.

९ जुलै, मंगळवार

ऑपरेशन छान झालं. गाठ पूर्ण निघाली. मार्लीनने हॉलमध्ये फोन करून सांगितलं, आवाज शाळेतल्यासारखा झाला होता तिचा. तिच्या वाटेची ताटली म्हणून मी सुपरमार्केटातले स्कोन, छोटे गोड पाव, नेले. दगड.

ऑफिसात कॅमरनने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. गेल्या वर्षी आम्ही एक लाख दहा हजार बुडीत धरले होते, यंदा सव्वासहा लाख. “कडू काय ते याच वर्षी एका घोटात,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी तोंड गोड.” गोदामाचा नेव्हिल माझ्या कानात पुटपुटला, “पुढच्या वर्षीच्या नफ्यावर बोनस आहे पठ्ठ्याचा. यंदाचं पाप मर्व्हच्या खात्यावर.” नेव्हिलला देवळातही भानगड दिसेल. मला कॅमरनने चॉकलेटचा डबा दिला.

१६ जुलै, मंगळवार

मार्लीन बोल्सला आली नाही. दुकानावरून येताना दार बंद, दुपारी तीनलाच. काचेवर कागद, ‘आज पाय संपले.’ मंगळवारी पाय संपतात? मला वाटलं धंदा जोरात आहे.

१७ जुलै, बुधवार

धंदा जोरात नाही. सोमवारी आमचा ट्रक लँगी फ्लॅटला थांबला आणि माल न उतरवता पुढे गेला.

मी तडक गोदामात गेले. “नेव्हिल, आजारी माणसाचं पीठ अडवतोस? लाज नाही वाटत?”

नेव्हिलने चष्मा कपाळावर चढवला. “माझ्यावर कशाला ओरडतेस? पन्नास टक्क्यांच्या वर नुकसान धरलं की त्या दुकानाची उधारी बंद. आधी रोख, मग माल. या सोमवारपासून व्यवस्था आपोआप करते ते. मला नुसता लाल ठिपका दिसतो.”

“कुठून येतो ठिपका?”

“कुठून म्हणजे? तुझ्या तक्त्यातून, नोलीन.”

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. एकेचाळीस नंबर, लाल. माझं वाक्य जसंच्या तसं, कर्करोगासकट. गोदामातली पोरं ते दोन आठवडे वाचतायत.

“मला वाटलं तुला ठाऊक आहे,” नेव्हिल म्हणाला. आवाज खाली आला होता त्याचा. “जूनमध्ये मेल आली होती सगळ्यांना.”

आली होती. मी शोधून काढली. तेरा पानांची, मी पहिलंच वाचलं होतं.

१८ जुलै, गुरुवार

कॅमरनकडे गेले. म्हटलं, माझी चूक झाली, ऐंशीचे पंधरा करून दे, ऑपरेशन चांगलं झालंय.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. खुर्ची दिली, चहा मागवला. “नोलीन, वर्षाअखेरचा अंदाज आता बदलला तर ऑडिटवाले विचारणार, का बदलला? नवी माहिती पाहिजे. लेखी. तो बरा झाला का?”

“औषधं चालू व्हायचीत अजून.”

“म्हणजे बरा नाही झाला.”

“होईल. डॉक्टर म्हणतात होईल.”

“झाला की सांगा, मी स्वतः बदलतो. शब्द आहे माझा.” मग म्हणाला, “तुम्ही एक उत्तम काम केलंत, आता मैत्रिणीसाठी त्यावर पाणी नका टाकू.” मैत्रीण आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं. छोटं गाव, दुसरं काय.

नियमाने तो बरोबर आहे. मी घरी येऊन दोन वेळा नियम वाचला, तो बरोबरच आहे.

२७ जुलै, शनिवार

सुपरमार्केटमध्ये मार्लीन दिसली. ट्रॉलीत पिठाच्या पिशव्या, त्या स्वस्तातल्या किलो-किलोच्या, मी मोजल्या नाहीत पण पन्नासच्या खाली नसतील. बाहेरचं पीठ वापरणं म्हणजे करार मोडणं. पकडली गेली तर दुकानच काढून घेतील.

आम्ही दोघी समोरासमोर. तिने ट्रॉलीवर कोट टाकला, मग स्वतःच काढून घेतला.

“बघितलंस ते बघितलंस,” ती म्हणाली. “निदान हे तरी तुझ्यापाशी ठेव.”

‘हे तरी’ का म्हणाली कोण जाणे. थकली असेल, पहाटे तीनला उठते.

मी पर्समधून चेक काढला. चार हजारांचा, सकाळीच लिहून ठेवला होता. ती बघतच राहिली. “नोल, तुझे पैसे घेऊन तुझ्याच कंपनीला देऊ? चार हजारांत दोन ट्रक येतील. मग?” चेक तिने घडी करून माझ्या खिशात सारला. “अचानक काय झालं त्यांना, तेच कळत नाही. सतरा वर्षांत कधी रोख मागितलं नाही कोणी. तुला काही ठाऊक आहे का?”

आता सांगावं असं वाटलं. जिभेवर आलं होतं. मागून एक बाई म्हणाली, “पुढे सरकता का जरा,” आणि मी सरकले.

“नवा साहेब आहे,” मी म्हणाले. “त्याने नवीन व्यवस्था आणलीय.”

हेही खोटं नाहीच.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पिठाबद्दल मी कोणाला बोलले नाही. रकानाही भरला नाही. पाव मात्र वेगळा लागतो आता, आणि गावाला जीभ आहे. लोक बॅलराटहून पाव आणायला लागलेत. मी रोज दोन घेते. एक खाते, एक शेजारच्या कोंबड्यांना.

६ सप्टेंबर, शुक्रवार

लँगी फ्लॅटचं दुकान बंद झालं. मार्लीनने चावी टपालाने पाठवली, जाड पाकिटात, वर नीट स्टॅम्प लावून.

लाईलची औषधं निम्मी झालीत. तो येऊन नेव्हिलला म्हणाला म्हणे, ईस्टरपर्यंत थांबा, एकदा ईस्टर जाऊ द्या. नेव्हिल काय करणार बिचारा. त्याने त्याला दुधाचा चहा पाजला आणि गाडीपर्यंत सोडलं.

बंद होणाऱ्या दुकानाला खात्याचा संपूर्ण उतारा द्यावा लागतो, सगळ्या रकान्यांसकट. तो आज दुपारच्या टपालात गेला. पाकिटावर पत्ता मीच टाईप केला, माझंच काम आहे ते.

१० सप्टेंबर, मंगळवार

मार्लीन आली बोल्सला. मला वाटलं नव्हतं येईल. मी माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. ती पलीकडच्या टोकाला बसली. तिने आणलेल्या ताटलीत नुसती विकतची बिस्किटं होती. मी कप पुसायला गेले तर ती फडकं ठेवून बाहेर गेली.

दुकान गेल्याचा कमीपणा वाटत असेल. हे असं होतं माणसाचं. मी जबरदस्ती केली नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

एकेचाळीस नंबर खात्यातून काढून टाकला. अडतीस हजार सहाशे चाळीस, बुडीत. भट्टी विकून आलेले पैसे जागेच्या मालकाने भाड्यापोटी घेतले. एक बटण दाबायचं असतं. पडदा विचारतो, नक्की का? मी हो म्हटलं.

१९ एप्रिल, शनिवार

ईस्टर. सकाळपासून रस्त्यावर गाड्यांची रांग. मुलं खिडकीतून डोकी काढून पाय कुठे मिळतील विचारत होती. दुकानाच्या काचेवर आतून तपकिरी कागद लावलाय, त्यावरचं कर्ल्यू पक्ष्याचं चित्र कोणीतरी अर्धंच खरवडलंय.

अग्निशमनवाल्यांनी वर्गणीसाठी सॉसेज भाजायला घेतले होते. शेगडीवर लाईल. केस पांढरे होऊन परत आलेत, अंगावर मांस चढलंय. सध्या शाळेची बस चालवतो. मला बघून चिमटा उंचावला.

“नोल, कांदा घालू ना?”

“घाल. कसा आहेस?”

“ठणठणीत. गेल्या महिन्यात तपासलं, काही म्हणता काही नाही. डॉक्टर म्हणाला, आता बसखाली आलास तरच मरशील, आणि बस तर तूच चालवतोस.” तो मोठ्याने हसला. मार्लीन मागे पाव कापत होती. तिने मान वर केली नाही. लाईलने पैसे घेतले नाहीत. सॉसेज मी गाडीत बसून खाल्लं. सगळं संपवलं.

त्याला तिने सांगितलेलं नाही. एवढं माझ्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्यावर बाकीचंही आलं. सप्टेंबरचं पाकीट. सगळ्या रकान्यांसकट. खाली सही, नो. पे.

१७ जून, मंगळवार

ऑडिटची थाओ आलीय, गोड मुलगी. गेल्या वर्षीचे अंदाज आणि प्रत्यक्ष बुडालेले पैसे शेजारी शेजारी ठेवून बघत होती. पोर्टलंडचं चुकलं, होर्शमवाल्याने बायकोशी तडजोड केली आणि सगळे भरले.

“पण हे एकेचाळीस बघा,” थाओ म्हणाली. “जूनमध्ये तुम्ही म्हणालात जाणार, सप्टेंबरमध्ये गेलं. तुम्हाला कसं कळलं?”

“ओळखीचे होते,” मी म्हणाले.

तिने त्यासमोर हिरवी खूण केली.

२० जून, शुक्रवार

आज बँकेचा कागद जुळवताना साठ डॉलर जास्त निघाले. कुठल्याच दुकानाचे नाहीत. मागे जाऊन पाहिलं, गेल्या शुक्रवारीही साठ, त्याच्या आदल्या शुक्रवारीही. मे महिन्यापासून दर शुक्रवारी. तात्पुरत्या खात्यात पडून होते. पाठवणार म. टिपेट.

कोणी मागितले नव्हते. आम्ही ते पैसे गिळून सहा महिने झाले.

कॅमरनला सांगितलं. तो खूश झाला. “बुडालेले परत आले की सरळ नफा. चालू ठेवणार का ती? किती येतील अजून? तुम्हीच अंदाज घाला.”

मी हिशेब केला. आठवड्याला साठ, म्हणजे सहाशे चव्वेचाळीस आठवडे. बारा वर्षांच्या वर. तोवर मार्लीन एकाहत्तरची होईल, मीही. तेवढी वर्षं लाईलला बस चालवावी लागेल.

पैसे पाठवताना बँक दोन-तीन शब्द लिहू देते, कशाबद्दल ते. लोक पावती नंबर लिहितात. मी ते आधी वाचलंच नव्हतं. सातही शुक्रवारी तिने एकच लिहिलं होतं.

मला रडू आलं. ऑफिसात बावीस वर्षांत कधी आलं नव्हतं, रॉन गेला तेव्हाही नाही. नेव्हिल दारातून परत फिरला.

मग तोंड धुऊन आले आणि एकेचाळीस नंबरची ओळ पुन्हा उघडली. जुनं वाक्य तिथेच होतं, ते पुसता येत नाही, व्यवस्था पुसू देत नाही. त्याखाली आजची तारीख घातली आणि पुढच्या माहितीच्या रकान्यात मार्लीनचे शब्द उतरवले.

‘लाईल बरा आहे.’

खाली सही केली, नो. पे.